घर एकाचे, पैसा सरकारचा, मग मालक कोण?

फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीत एक मतमोजणी झाली. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांच्या घरी जाऊन त्यांचे सगळे करणाऱ्या सुमारे ७४ हजार कामगारांनी सर्व्हिस एम्प्लॉईज इंटरनॅशनल युनियन, म्हणजे एसईआययू, या संघटनेत जायचे की नाही, याचा तो कौल होता. बाजूने सोळा हजारांवर मते पडली, विरोधात दोन हजारही नाहीत. १९३७ नंतर अमेरिकी कामगार चळवळीला एका दमात इतके मोठे यश मिळाले नव्हते, असे तेव्हाच्या वृत्तपत्रांनी लिहिले. १९३७ हे साल मोटार कारखान्यांतल्या बैठ्या संपांचे. तिथे हजारो कामगार एका छपराखाली होते आणि मालकाच्या नावाची पाटी फाटकावरच होती. इथे कामगार हजारो घरांत विखुरलेले, बहुतेक बायका, एकमेकींना न ओळखणाऱ्या, तासाला पावणेसहा डॉलरच्या आसपास मिळवणाऱ्या. आणि फाटकही नाही, पाटीही नाही.

त्या मतदानापर्यंत पोचायला अकरा वर्षे गेली होती. त्यानंतर पाव शतक उलटून गेले, पण या कामगारांची युनियन असावी का, हा वाद अमेरिकेत मिटलेला नाही. न्यायालये, विधिमंडळे, सार्वमत, सगळीकडून तो फिरून आला आहे. वादात वर्गणीचे पैसे, भाषणस्वातंत्र्य, आईची माया, सरकारी तिजोरी असे पुष्कळ काही कानावर पडते. मला त्याच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो: या बायकांचा मालक कोण? ज्याच्या हाती पैसा असतो तो ‘मी मालक नव्हे’ म्हणतो, आणि ज्याला मालक म्हटले जाते त्याच्या हाती पैसा नसतो. पुढचे सगळे या गाठीपासून सुरू होते.

काम काय आणि पैसे कोण देतो

अंघोळ घालणे, कपडे बदलणे, शौचाला नेणे, भरवणे, पलंगावरून चाकाच्या खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर घेणे, औषधाची वेळ सांभाळणे, स्वयंपाक, थोडीफार झाडलोट. पाठीवर ताण येणारे आणि मनालाही थकवणारे हे काम अमेरिकेत आज सुमारे तीस लाख माणसे करतात. त्यांतल्या दहापैकी आठांहून जास्त स्त्रिया आहेत, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, आणि साधारण एक तृतीयांश परदेशांतून आलेल्या आहेत. मेडिकेअरची मान्यता असलेल्या एजन्सीतल्या होम हेल्थ एडला किमान ७५ तासांचे प्रशिक्षण केंद्रीय नियमाने लागते. नुसत्या वैयक्तिक काळजीच्या कामाला मात्र देशभर लागू असा किमान नियमच नाही, तो प्रत्येक राज्याने आपापला ठरवायचा.

पुण्या-मुंबईत आजीसाठी ब्युरोतून मावशी बोलावली, तर पैसे घरच्यांच्या खिशातून जातात आणि त्यातले काही ब्युरोकडे राहतात. अमेरिकेतही असे खासगी व्यवहार चालतात, पण या कामाचा सर्वांत मोठा दाता मेडिकेड आहे: गरिबांसाठी केंद्र आणि राज्य मिळून चालवतात ती आरोग्य योजना. ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर ही वेगळी योजना. ती दवाखाना आणि इस्पितळ पाहते, वर्षानुवर्षे रोज अंघोळ घालायला येणाऱ्या बाईचे पैसे देत नाही. म्हणून अनेक कुटुंबांत साठवलेला पैसा संपतो, आणि मग मेडिकेडचे दार उघडते.

मेडिकेडच्या या कामाच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत एजन्सी कामगार नेमते आणि सरकार एजन्सीला पैसे देते. दुसरीत लाभार्थी स्वतः माणूस निवडतो, त्याला काम सांगतो, नको झाला तर काढतो. पगाराचा धनादेश मात्र राज्य सरकारकडून येतो, तासाचा दर राज्य ठरवते आणि आठवड्याला किती तास मंजूर हेही राज्यच ठरवते. एजन्सीच्या कामगारांना इतर खासगी कामगारांसारखा संघटनेचा हक्क आहे, तिथे वाद फारसा नाही. सगळा गुंता दुसऱ्या तऱ्हेत आहे. त्यातही अनेक राज्यांत घरच्याच माणसाला काळजीवाहक म्हणून पगार मिळू शकतो. कॅलिफोर्नियाच्या योजनेत तर बहुसंख्य काळजीवाहक लाभार्थ्यांचे नातेवाईकच आहेत.

कायद्याने उंबऱ्याबाहेर ठेवलेले काम

अमेरिकेत संघटनेचा हक्क १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने आला. त्या कायद्याने शेतमजूर वगळले, आणि कुणाच्या घरी राहून वा जाऊन घरकाम करणारेही वगळले. तीन वर्षांनी किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा कायदा आला, त्याच्याही कक्षेत घरकाम आले नाही. त्या काळी दक्षिणेत ही दोन्ही कामे मुख्यतः कृष्णवर्णीय माणसे करत, आणि दक्षिणेतल्या खासदारांच्या मतांवाचून कायदा मंजूर होत नव्हता, हे इतिहासकारांनी वारंवार दाखवून दिले आहे.

१९७४ मध्ये काँग्रेसने घरकामगारांना किमान वेतनाच्या छत्राखाली घेतले. पण दोन अपवाद ठेवले: अधूनमधून मुले सांभाळणारी मुले-मुली, आणि म्हाताऱ्या वा आजारी माणसाला ‘सोबत’ करणारे. शेजारची एखादी बाई दुपारी आजोबांजवळ बसते, तिला कशाला कायद्यात ओढायचे, असा त्यामागे विचार होता. पुढच्या वर्षी कामगार विभागाने नियम केला की एजन्सीने पगारी नेमलेल्या बायकाही या सोबतीच्या अपवादातच मोडतात. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीची पूर्णवेळ कामगार अशी कायद्यापुरती शेजारीण ठरली.

हा नियम एव्हलिन कोक यांनी न्यायालयात नेला. जमैकाहून न्यूयॉर्कला आलेल्या कोक एका एजन्सीसाठी वर्षानुवर्षे लोकांच्या घरी राबल्या होत्या, कधी कधी चोवीस तासांच्या पाळ्याही केल्या होत्या, आणि ओव्हरटाइम मिळाला नव्हता. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या विरोधात निकाल दिला. नियम करण्याचा अधिकार कामगार विभागाचा आहे आणि त्याने तो वापरला, एवढेच न्यायालय म्हणाले. २००९ मध्ये कोक वारल्या. ओबामा सरकारने एजन्सीच्या कामगारांना या अपवादातून बाहेर काढणारा नियम केला तो २०१३ मध्ये, आणि एजन्सींनी न्यायालयात अडवून धरल्यामुळे तो प्रत्यक्ष लागू व्हायला २०१५ चा ऑक्टोबर उजाडला.

लॉस एंजेलिसमध्ये मालक तयार करावा लागला

कॅलिफोर्नियाची इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस ही योजना १९७० च्या दशकातली. एसईआययूने १९८० च्या दशकाच्या शेवटी या कामगारांत काम सुरू केले, तेव्हा पहिली भिंत लागली ती हीच. वाटाघाटी करायच्या कुणाशी? काउंटी म्हणे, आम्ही नुसती योजना राबवतो. राज्य म्हणे, कामगाराला नेमतो लाभार्थी. आणि लाभार्थी म्हणजे पलंगाला खिळलेली ऐंशी वर्षांची बाई, जिला कामगाराचा पगार एका सेंटानेही वाढवता येत नाही. युनियनने न्यायालयात विचारले, तर १९९० मध्ये उत्तर आले की काउंटी मालक नाही.

मग युनियनने वेगळी वाट धरली. वृद्धांच्या आणि अपंगांच्या संघटनांना बरोबर घेऊन राज्याच्या विधिमंडळात खटपट केली. १९९२ च्या कायद्याने काउंट्यांना ‘पब्लिक ऑथॉरिटी’ नावाचे सार्वजनिक मंडळ स्थापण्याची मुभा मिळाली. हे मंडळ कामगारांची नोंद ठेवणार, प्रशिक्षण देणार, आणि वेतनाच्या वाटाघाटींपुरते मालक म्हणून टेबलाच्या पलीकडे बसणार. कुणाला ठेवायचे, कुणाला काढायचे आणि काम कसे करून घ्यायचे हे मात्र लाभार्थ्याकडेच राहणार. लॉस एंजेलिसचे असे मंडळ १९९७ मध्ये झाले आणि दोन वर्षांत ते मतदान.

माथाडी मंडळ ठाऊक असलेल्या वाचकाला ही युक्ती परकी वाटणार नाही. मुंबईच्या गोदीत आणि बाजारात हमाल आज एका व्यापाऱ्याचा माल उचलतो, उद्या दुसऱ्याचा. त्याचा कायमचा मालक कुणीच नव्हता. १९६९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने मालक आणि कामगार दोघांची नोंद मंडळाकडे करून ही पोकळी भरली. आपल्याच राज्यात २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी झालेल्या कल्याण मंडळाला वेतनाच्या सौद्याचे तेवढे बळ दिले गेले नाही, हे जाता जाता नोंदवायला हरकत नाही.

ओरेगनने २००० मध्ये आणि वॉशिंग्टन राज्याने २००१ मध्ये थेट सार्वमत घेऊन अशी मंडळे उभी केली. वॉशिंग्टनच्या कायद्यात कामगारांना संपाचा हक्क दिलेला नाही. ते योग्यच वाटते. कारखाना बंद पडला तर माल अडतो. इथे माणूस ओल्या गादीवर पडून राहतो.

विरोधकांचे म्हणणे

विरोधकांना एका वाक्यात कामगारद्वेष्टे ठरवून मोकळे होता येणार नाही. त्यांचे पहिले म्हणणे असे की हे मंडळ म्हणजे कागदी मालक आहे. खऱ्या मालकाला कामगारावर हुकमत असते, या मंडळाला ती नाही. युनियनला वर्गणी मिळावी एवढ्यासाठीच ते उभे केले आहे. दुसरे, मतदानाला येतात किती? लॉस एंजेलिसमध्ये ७४ हजारांपैकी साधारण चौथा हिस्सा. मिनेसोटात २०१४ मध्ये सुमारे २७ हजार कामगारांच्या निवडणुकीत सहा हजारांच्या आतबाहेर मते पडली आणि युनियन साठ टक्क्यांनी जिंकली. ज्यांनी मतच दिले नाही, त्यांच्या वतीनेही तीच संघटना बोलणार.

यावर युनियनवाले म्हणतात की नगरसेवकही अशाच मतदानावर निवडून येतात. ते खरे आहे. पण नगरसेवकाची वर्गणी आपल्या पगारातून परस्पर कापली जात नाही, हेही खरे.

तिसरा मुद्दा सर्वांत धारदार. आपल्या अपंग मुलाला सांभाळणाऱ्या आईला मेडिकेडमधून थोडे पैसे मिळतात. ती कामगार कशी आणि तिचा संप कुणाविरुद्ध? तिच्या स्वयंपाकघरात युनियन कशाला?

हॅरिस विरुद्ध क्विन

हा प्रश्न इलिनॉय राज्यातून सर्वोच्च न्यायालयात पोचला. तिथल्या कामगार मंडळाने १९८५ मध्येच सांगून टाकले होते की हे कामगार राज्याचे नोकर नव्हेत. २००३ मध्ये गव्हर्नर ब्लागोयेविच यांनी आदेश काढला आणि पाठोपाठ कायदाही झाला: केवळ वाटाघाटींपुरते हे कामगार राज्याचे नोकर समजावेत. पेन्शन नाही, राज्य नोकरांचा विमा नाही, बाकी काही नाही. एसईआययूशी करार झाला. जे सभासद नव्हते त्यांनाही वाटाघाटींच्या खर्चाचा वाटा, म्हणजे ‘फेअर शेअर’, भरावा लागू लागला. ती रक्कम वर्षाला छत्तीस लाख डॉलरच्या घरात होती.

पुढचे गव्हर्नर पॅट क्विन यांनी २००९ मध्ये दुसऱ्या एका अपंग योजनेतल्या काळजीवाहकांनाही हीच व्यवस्था देऊ केली. त्या योजनेत पॅमेला हॅरिस या आई आपल्या मुलाचे करत होत्या. गंमत अशी की त्या योजनेतल्या काळजीवाहकांनी मतदानात युनियन नाकारलीच होती. पण खटला उभा राहिला, नॅशनल राइट टू वर्क या युनियनविरोधी संस्थेच्या वकिलांनी तो लढवला, आणि नाव हॅरिस यांचे लागले.

३० जून २०१४ ला पाच विरुद्ध चार मतांनी निकाल आला. न्यायमूर्ती अलिटो यांनी बहुमताचे निकालपत्र लिहिले: हे कामगार पुरते सरकारी नोकर नाहीत, त्यांचा खरा धनी लाभार्थी आहे, म्हणून सभासद नसलेल्यांकडून सक्तीने पैसे घेणे हे त्यांच्या भाषणस्वातंत्र्यावर आक्रमण आहे. विरोधी निकालपत्रात न्यायमूर्ती केगन यांनी दाखवून दिले की वेतन, मंजूर तास, पात्रता, कामाचे स्वरूप हे सगळे राज्यच ठरवते, तेव्हा राज्य आणि लाभार्थी दोघे मिळून मालक आहेत. करारानंतर दहा-अकरा वर्षांत इलिनॉयमध्ये तासाचा दर सात डॉलरवरून तेरा डॉलरपर्यंत गेला आणि आरोग्य विमाही मिळाला, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

दोन्ही निकालपत्रे वाचली तर लक्षात येते की नऊ न्यायमूर्ती एकाच दोरीची दोन टोके धरून बसले आहेत. मला केगन यांचे टोक जास्त बळकट वाटते. पगाराचा आकडा ज्याच्या सहीने बदलतो, त्याच्याशीच पगाराबद्दल बोलायला हवे. बाकीच्यांशी बोलून उपयोग काय? सक्तीच्या वाट्याबाबत मात्र हॅरिस यांच्यासारख्या आईचा आक्षेप मला पटतो. युनियन नको असेल तर तिने पैसे का भरावेत?

या निकालाने युनियनवर बंदी आली नाही. वाटाघाटी चालू राहिल्या, सक्ती गेली. चार वर्षांनी जेनस खटल्यात न्यायालयाने हाच न्याय शिक्षकांपासून कारकुनांपर्यंत देशातल्या सगळ्या सरकारी नोकरांना लावला. काळजीवाहकांचा खटला ही त्याआधीची एक पायरी होती.

वर्गणी आली की राजकारण आले

या कामगारांचा हक्क पुष्कळदा गव्हर्नरच्या आदेशावर उभा असतो, त्यामुळे गव्हर्नर बदलला की तो जातो. विस्कॉन्सिनमध्ये २०११ मध्ये गेला, ओहायोत २०१५ मध्ये. बहुतेक ठिकाणी डेमोक्रॅट द्यायचे आणि रिपब्लिकन काढून घ्यायचे. युनियन निवडणुकीत डेमोक्रॅटांना पैसा आणि माणसे पुरवते, हे लपलेले नाही. रिपब्लिकनांचा राग कामगारांवर किती आणि या पुरवठ्यावर किती, हे ज्याने त्याने ओळखावे.

मिशिगनची कथा सगळ्यांत बोलकी. तिथे २००४ मध्ये मंडळ झाले, २००५ मध्ये युनियन जिंकली आणि मेडिकेडच्या धनादेशातून वर्गणी कापली जाऊ लागली. आपण युनियनमध्ये आहोत हेच ठाऊक नव्हते, असे सांगणारे पालक पुढे आले. २०१२ मध्ये रिपब्लिकन विधिमंडळाने ही व्यवस्था मोडली. युनियनने त्याच वर्षी राज्यघटनेत दुरुस्ती करण्यासाठी सार्वमत मागितले आणि ती हरली. वर्षभरात पंचावन्न हजारांच्या आसपासची सभासदसंख्या अकरा हजारांवर आली. हा आकडा युनियनवाल्यांनी नीट पाहावा असा आहे. धनादेशातून आपोआप येणारे पैसे थांबताच पाचपैकी चार सभासद गेले, याचा दोष एकट्या विरोधकांना देता येत नाही. २०२४ मध्ये मिशिगनने कायदा करून वाटाघाटींचा हक्क पुन्हा दिला. आता तिथे सभासद एकेक करून, दार वाजवून मिळवावे लागतील, आणि युनियनच्या तब्येतीला ते चांगलेच.

वॉशिंग्टन राज्यातली फ्रीडम फाउंडेशन ही संस्था उलट दिशेने दारे वाजवते: तुम्ही वर्गणी बंद करू शकता, हे सांगत तिचे लोक काळजीवाहकांच्या घरोघरी फिरतात. केंद्रानेही यात हात घातला. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, २०१९ मध्ये, मेडिकेडच्या धनादेशातून वर्गणी कापण्यावर बंदी घालणारा नियम झाला. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या केंद्रीय न्यायालयाने तो रद्द केला, आणि २०२२ मध्ये बायडन सरकारने अशा कपातीला पुन्हा रीतसर परवानगी दिली.

चाकाच्या खुर्चीतून

या वादात सर्वांत कमी ऐकला जाणारा आवाज ज्यांची काळजी घेतली जाते त्यांचा. बर्कलीत १९७२ मध्ये सेंटर फॉर इंडिपेन्डंट लिव्हिंग उभे राहिले, एड रॉबर्ट्स यांच्यासारखे कार्यकर्ते पुढे आले, आणि अपंगांच्या चळवळीने एक गोष्ट ठामपणे मागितली: माझ्या अंगाला कुणाचा हात लागणार, हे मी ठरवणार. नर्सिंग होम नको, एजन्सीने पाठवलेली रोज नवी बाईही नको.

अशा माणसांना युनियनची धास्ती वाटणे साहजिक आहे. उद्या सेविकेला काढायचे म्हटले तर तक्रार, सुनावणी, ज्येष्ठता यादी असे काही मागे लागेल का? म्हणूनच नेमण्या-काढण्याचा हक्क लाभार्थ्याकडे ठेवण्याची अट पब्लिक ऑथॉरिटीच्या कायद्यात आली. ती अपंगांच्या संघटनांनी घालायला लावली आणि युनियनने मान्य केली. दोघांनी मिळून वाटाघाटी केल्या तिथे व्यवस्था टिकली, असे एकंदर चित्र आहे.

ओव्हरटाइमच्या नियमावर मात्र दोघांचे फाटले. अपंग हक्कांसाठी लढणाऱ्या अ‍ॅडॅप्टसारख्या संघटना म्हणाल्या, राज्ये ओव्हरटाइम देणार नाहीत, ती तास छाटतील. ही भीती अगदीच पोकळ ठरली नाही. नियम लागू झाल्यावर राज्यांनी एका कामगाराच्या आठवड्याच्या तासांवर मर्यादा आणल्या. कॅलिफोर्नियाने एकाहून जास्त लाभार्थी असलेल्या कामगाराला आठवड्याला ६६ तासांची कमाल मर्यादा घातली. ज्या लाभार्थ्याला एकाच विश्वासू बाईची सवय होती, त्याला उरलेल्या तासांसाठी दुसरी शोधावी लागली. पण त्या बाईने सत्तर-ऐंशी तास साध्या दराने राबावे, हाही न्याय नव्हे.

युनियनच्या घरात

लॉस एंजेलिसच्या विजयानंतर नऊ वर्षांनी, २००८ मध्ये, ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने त्याच युनियनच्या कारभाराची लक्तरे बाहेर काढली. दीड लाखाहून अधिक कमी पगाराच्या काळजीवाहकांच्या शाखेचा अध्यक्ष टायरोन फ्रीमन युनियनचा पैसा नातलगांच्या कंपन्यांवर आणि स्वतःच्या चैनीवर उधळत होता. हवाईतल्या आपल्या लग्नाचा काही खर्चही त्याने युनियनच्या माथी मारला होता. २०१३ मध्ये तो दोषी ठरला आणि त्याला ३३ महिन्यांची कैद झाली. तासाला नऊ-दहा डॉलर मिळवणाऱ्या बायकांची वर्गणी होती ती.

न्यूयॉर्कची भानगड वेगळी. तिथे चोवीस तासांच्या पाळीला तेरा तासांचा पगार देण्याची पद्धत आहे. आठ तास झोप आणि तीन तास जेवणाचे, ते काम नव्हे, असा हिशेब. त्या आठांतले पाच तास तरी सलग झोप मिळायला हवी अशी अट आहे. रात्रीतून चार वेळा कूस बदलून द्यावी लागणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून ती झोप कुणाला मिळते? २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा तेरा तासांचा नियम उचलून धरला. ११९९ एसईआययू या बलाढ्य युनियनने थकलेल्या वेतनाचा दावा लवादाकडे नेला. २०२२ मध्ये लवादाने एक लाखाहून अधिक कामगारांसाठी तीन कोटी डॉलर ठरवले. भागाकार केला तर सरासरी माणशी तीनशे डॉलरही पडत नाहीत. चिनी वंशाच्या अनेक ज्येष्ठ कामगार बायका यावर खवळल्या, आणि एजन्सींच्या जोडीने त्यांनी आपल्याच युनियनलाही जाब विचारला. मार्च २०२४ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी न्यूयॉर्कच्या सिटी हॉलसमोर उपोषण केले.

ही दोन उदाहरणे विरोधकांच्या आवडीची आहेत. माझ्या लेखी त्यांतून एवढेच निघते की विखुरलेल्या सभासदांची युनियन वरून पोखरली जाणे सोपे असते, आणि तिथे हिशेबतपासणी कडक हवी. तेरा तासांचा नियम युनियनने केलेला नाही, आणि युनियन नसती तर ते तीनशे डॉलरही आले नसते.

पगार वाढला की काय होते

याचे सर्वांत नेमके उत्तर सॅन फ्रान्सिस्कोतून मिळाले. तिथे १९९७ नंतर चार-साडेचार वर्षांत काळजीवाहकांचे वेतन जवळपास दुप्पट झाले आणि विमाही आला. अर्थशास्त्रज्ञ कँडेस हॉव्स यांनी या काळाचा अभ्यास केला. नव्याने कामाला लागलेल्यांपैकी वर्षानंतरही टिकणारे आधी ३९ टक्के होते, ते ७४ टक्के झाले. म्हणजे अंघोळ घालणारे हात वरचेवर बदलणे कमी झाले. लाभार्थ्याच्या दृष्टीने हाच युनियनच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे, आणि तो वर्गणीच्या भांडणात कुणी फारसा काढत नाही.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न त्याने सुटत नाही. राज्याचा ठोक निधी तेवढाच राहिला आणि तासाचा दर वाढला, तर कुणाचे तरी तास कमी होतात. म्हणून दर आणि तास यांच्या वाटाघाटी वेगवेगळ्या होऊ नयेत; लाभार्थ्यांच्या संघटनांना त्याच टेबलावर खुर्ची हवी.

आज कुठे आहे हा वाद

मेडिकेडच्या कायद्यात एक तिढा पहिल्यापासून आहे. नर्सिंग होमचा खर्च देणे राज्यांवर बंधनकारक आहे. घरी मिळणाऱ्या या सेवांचा मोठा भाग ऐच्छिक आहे. पैसा आटला की राज्याची कात्री आधी ऐच्छिक सेवांवर फिरते. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या अर्थसंकल्पी कायद्याने येत्या वर्षांत मेडिकेडवरचा केंद्राचा खर्च मोठ्या प्रमाणावर घटणार आहे. अशा वेळी राज्याच्या राजधानीत जाऊन ‘आमचे तास आणि आमचा दर कापू नका’ म्हणणारी संघटित माणसे असणे काळजीवाहकांच्या जितके हिताचे, तितकेच लाभार्थ्यांच्याही. सक्तीची वर्गणी नको, हिशेब उघडे हवेत, काढण्या-ठेवण्याचा हक्क लाभार्थ्याचाच हवा. या अटी मान्य करूनही युनियन हवीच, असे माझे मत आहे.

त्याच जुलैमध्ये अमेरिकेच्या कामगार विभागाने २०१३ चा नियम मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. तो अमलात आला, तर कॅलिफोर्निया वा न्यूयॉर्कसारख्या, स्वतःचे वेतन कायदे असलेल्या राज्यांतल्या कामगारांचे फारसे बिघडणार नाही. ज्या राज्यांत असे कायदे नाहीत, तिथे एजन्सीची पूर्णवेळ काळजीवाहक केंद्रीय कायद्यापुरती पुन्हा १९७५ च्या नियमाखाली येईल, आणि किमान वेतन व ओव्हरटाइम हे दोन्ही हक्क गमावेल.